शब्द देण्याआधी: भीड, लाज, हेवा आणि खंत ओळखून निर्णय कसा घ्यावा

रविवारी सकाळी दाजी येतात. चहा होतो, पाऊसपाण्याच्या गोष्टी होतात आणि उठता उठता पिशवीतून कर्जाचे कागद निघतात. "इथं फक्त एक सही लागतीय, जामीनदार म्हणून." बहिणीचा नवरा, घरचा जावई, त्याला नाही कसं म्हणायचं? सही होते. हप्ता किती, मुदत किती, दाजींची फेडायची ऐपत किती, यातलं काहीच बघितलेलं नसतं. ती सही भिडेनं केलेली असते.

भूक एकट्याला लागते. साप दिसला तर भीतीही एकट्याला वाटते. पण भीड, लाज, मिंधेपणा, हेवा, खंत, मानअपमान यांना दुसरा माणूस लागतो, समोर नाही तर निदान मनात तरी. म्हणून त्यांना सामाजिक भावना म्हणतात. त्या वाईट नाहीत. त्यांच्यामुळेच हातउसने पैसे परत येतात, सावडीनं पेरणी उरकते, रात्री दोन वाजता शेजारी दवाखान्यात न्यायला गाडी काढतो. घोळ होतो तो पैशाचा, जमिनीचा किंवा सोयरिकीचा निर्णय या भावनेनं घेतलेला असतो आणि आपल्याला मात्र तो विचार करून घेतल्यासारखा वाटतो तेव्हा.

आधी भावनेचं नाव शोधा

नाव कळलं की अर्धं काम होतं, कारण प्रत्येक भावनेवरचा इलाज वेगळा आहे. भिडेवर वेळ मागून घेणं चालतं. लाजेवर तोच उपाय केला तर माणूस आणखी आत आत कुढतो. नाव शोधायला हे प्रश्न स्वतःला विचारा, शक्य झालं तर कागदावर उत्तर लिहून.

हेच मागणं अनोळखी माणसानं केलं असतं तर मी हो म्हणलो असतो का? नसतो, तर ती भीड.

हे कुणालाच दिसणार नसेल, कळणार नसेल, तरी मी एवढाच खर्च केला असता का? नसता, तर ती लाज किंवा मान.

शेजाऱ्यानं घेतलं नसतं तर मला या वस्तूची आठवण तरी झाली असती का? नसती, तर तो हेवा.

यानं माझ्यासाठी मागं काही केलं नसतं तर मी याचं ऐकलं असतं का? नसतं, तर तो मिंधेपणा.

एकाच निर्णयात दोन-तीन भावना असतात. लग्नाच्या खर्चात तर चारही. अशा वेळी सगळ्यात मोठी कोणती ते ठरवा आणि तिच्यापासून सुरुवात करा.

भीड: "विचारून सांगतो" म्हणायची तयारी आधीच करा

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडं उगाच म्हणत नाहीत. जामीनकी म्हणजे नुसती ओळख पटवणं, असा गैरसमज अजून सर्रास आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. बँकेनं आधी कर्जदाराच्या मागं लागावं आणि मगच जामीनदाराकडं यावं, असं बंधन नाही. कर्ज थकलं की जामीनदाराचं सिबिलही, म्हणजे बँका बघतात तो कर्जफेडीचा गुणांक, बिघडतं, आणि पुढच्या वर्षी स्वतःचं पीककर्ज किंवा मुलीचं शैक्षणिक कर्ज अडतं.

भिडेची ताकद समोरासमोर असते. माणूस नजरेआड झाला की ती उतरते. म्हणून पहिला नियम: पैशाची सही किंवा शब्द त्याच बैठकीत द्यायचा नाही, मधे दोन रात्री जाऊ द्यायच्या. कर्जाचं प्रकरण दोन दिवसांनी मरत नाही. "आत्ताच पाहिजे, साहेब थांबलेत" असं कुणी म्हणत असेल तर तेच थांबायचं सगळ्यात मोठं कारण समजा.

दुसरा नियम: नकार माणसाला देऊ नका, घरातल्या नियमाचा आधार घ्या. नियम आधीच केलेला हवा, नवराबायको आणि कमावत्या पोरांनी बसून. "जामीनकीवर सही नाही, उसने द्यायचे तर वर्षाला अमुक रकमेपर्यंतच." मग वाक्य असं येतं:

"दाजी, तुमचा शब्द मला मोडवत नाही. पण जामीनकीची सही कुणासाठीच करायची नाही, हे आमचं घरात ठरलंय. माझ्या सख्ख्या भावालाबी हेच सांगितलं."

इतकंच. तिसरं वाक्य बोलू नका. इथं नेहमी दोन चुका होतात. एक, खोटं कारण सांगणं: "माझंच सिबिल खराब आहे." महिन्याभरात तुमच्या दारात नवी मोटारसायकल आली की ते उघडं पडतं, आणि मग नकारापेक्षा खोटेपणा जास्त लागतो. दुसरी, कारणांची रांग लावणं. प्रत्येक कारणावर समोरच्याकडं तोड असते. "कागदं नाहीत" म्हणलात तर "मी काढून आणतो" हे ठरलेलं.

नकारानंतर लगेच तुम्हाला झेपेल ते पुढं करा. रक्कम अशी धरा की ती परत आली नाही तरी दिवाळीला दाजींना त्याच मोकळेपणानं "या" म्हणता येईल. मग ती पाच हजार असो नाहीतर वीस. आणि त्याच दिवशी बहिणीला स्वतः फोन करा. नकार तिला नवऱ्याच्या तोंडून कळला तर त्याचं रूप बदललेलं असतं, आणि अढी बसते ती भावाबहिणीत.

सही करायचीच झाली तर कर्जमंजुरीच्या पत्राची प्रत घ्या, परतफेडीचा तक्ता घ्या आणि दर तीन महिन्यांनी खात्याची स्थिती विचारत जा. विचारताना पुन्हा भीड आडवी येणार. म्हणून सहीच्या दिवशीच सांगून ठेवा: "मी दर तीन महिन्याला विचारणार, राग मानायचा नाही."

लग्न: आकडा बैठकीच्या आधी

देण्याघेण्याची बैठक चारचौघात होते, आणि चारचौघात बापाच्या तोंडून जो आकडा निघतो तो त्याच्या ऐपतीचा नसतो, त्याच्या मानाचा असतो. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही 1961 च्या कायद्यानं गुन्हा आहे. "मानपान" नाव दिल्यानं त्यात बदल होत नाही. पण हुंडा बाजूला ठेवला तरी मंडप, जेवण, बस्ता, सोनं यांचा आकडा कसा फुगतो ते बघा.

समजा पाच एकर कोरडवाहू सोयाबीन, एकरी सहा क्विंटल, भाव 4,500. म्हणजे 30 क्विंटलचे 1,35,000. एकरी 16,000 खर्च धरला तर 80,000 गेले. हाती 55,000, तेही पाऊस नीट झाला तर. या हिशेबात तीन लाखांचं लग्नाचं कर्ज म्हणजे साडेपाच वर्षांची सगळी शिल्लक, घरखर्च शून्य धरून. तुमच्या सातबाऱ्यावरचे आकडे घालून हा हिशेब बैठकीच्या किमान आठ दिवस आधी करा. कागदाखाली वरची मर्यादा लिहा आणि तो कागद अशा माणसाकडं द्या ज्याला या लग्नात स्वतःचा मान पणाला लागल्यासारखं वाटत नाही. बहुतेक घरांत मुलीचा मामा हे काम चांगलं करतो. बैठकीत आकड्याचं तोच बोलेल, वडील नाही, हेही आधी ठरवा.

"लोक काय म्हणतील" या भीतीचं माप प्रत्यक्षात घेतलं गेलंय. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी पाहिला असणार. प्रत्यक्षात जेमतेम चौथाई लोकांच्या ध्यानात आला होता. आपल्याकडं पाहत असलेल्या डोळ्यांची संख्या आपण दुपटीनं मोजतो. लग्नातही पाहुण्याला कमानीची फुलं आठवत नाहीत. पंगत वेळेवर बसली का, मे महिन्यात पाणी गार होतं का, म्हाताऱ्या माणसाला कुणी "या, बसा" म्हणलं का, एवढं मात्र तो दहा वर्षं सांगतो. मर्यादेतला पैसा आणि माणसं तिथं लावा.

हेवा: शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं तेव्हा

मानसशास्त्रज्ञ नील्स व्हॅन डे व्हेन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हेव्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले: एकात माणूस स्वतः वर चढायला बघतो, दुसऱ्यात समोरच्याला खाली ओढायला. डच भाषेत दोहोंना वेगळे शब्द आहेत. मराठीतही "हेवा वाटला" आणि "मत्सर करतो" यांतला फरक शाळेत न गेलेली आजीही सांगते. पहिला कामाचा आहे, मात्र त्याच्याकडून माहिती घ्यायची, निर्णय घ्यायचा नाही.

बोअरचं उदाहरण घ्या, कारण मराठवाड्यात हेव्याची सगळ्यात महाग किंमत इथंच मोजली जाते. आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्ट आहे. या खडकात पाणी एकसंध तळ्यासारखं नसतं. भेगा, सांधे आणि झिजलेल्या थरांत असतं. म्हणून बांधापलीकडं दोन इंच पाणी लागलं आणि अलीकडं, पन्नास फुटांवर, नुसता फुफाटा निघाला, हे रोज घडतं. "त्याला लागलं म्हणजे मला लागणारच" हे वाक्य भूगर्भाचं नाही, हेव्याचं आहे. पुढं आणखी वाईट होतं: 300 फुटांवर ओल नाही, गाडी दारात उभी, गावातली पोरं बघायला जमलेली, मग "आता माघार कशी घ्यायची" म्हणून 500. तिथं हेव्याची जागा लाजेनं घेतलेली असते, आणि फुटाफुटाला मीटर पळत असतं.

म्हणून गाडी बोलवण्याआधी शेजाऱ्याकडं जा आणि विचारा: किती फुटांवर लागलं, कोणत्या महिन्यात घेतला, एप्रिलमध्ये किती तास चालतो, आधी किती बोअर कोरडे गेले? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि कुणी विचारत नाही. चारातल्या एकालाच पाणी लागलं असेल तर तुम्ही चौथा बोअर बघून हेवा करताय, पहिले तीन तुम्हाला दिसलेलेच नाहीत. मग भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात पाहणीसाठी चौकशी करा. किती फुटांवर थांबायचं तो आकडा लिहून गाडीवाल्याच्या हातात द्या, खोदाई सुरू व्हायच्या आधी.

ट्रॅक्टरचंही असंच आहे. वर्षाला तुमच्या रानात तो किती तास चालेल ते मोजा आणि तेवढ्या तासांचं भाडं हप्त्याशी ताडून बघा. जास्त लिहायची गरज नाही.

वाटणी आणि हक्कसोड

भाऊ वाटणीत अर्ध्या एकराच्या तुकड्यासाठी त्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसा कोर्टात घालतात. बाहेरचा माणूस याला वेडेपणा म्हणतो. तो वेडेपणा नाही. 1982 साली जर्मनीत अर्थशास्त्रज्ञ वेर्नर ग्यूट आणि सहकाऱ्यांनी एक साधा खेळ मांडला: एकानं रक्कम वाटायची, दुसऱ्यानं हो म्हणायचं किंवा नाही. नाही म्हणलं तर दोघांनाही काही नाही. हा खेळ नंतर जगभर झाला, आणि पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी देऊ केलं की लोक वारंवार तो नाकारतात, स्वतःचं नुकसान करून. डावललं गेल्याचा अपमान पैशापेक्षा जड पडतो. म्हणून वाटणीत जमिनीइतकीच वाटणीची रीतही न्याय्य दिसली पाहिजे.

चालणारी रीत: एका भावानं वाटे पाडायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचं. तीन-चार भाऊ असतील तर वाटे सर्वांनी मिळून पाडायचे, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आणि गाडीवाट आधी लिहून घ्यायची आणि मग चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठी घरातल्या लहान लेकराच्या हातानं, सगळ्यांसमोर. काळी आणि मुरमाड जमीन एकाच मापानं मोजू नका. दोन एकर मुरमाड म्हणजे एक एकर काळी धरायची की कसं, ते चिठ्ठीआधी ठरवा. नंतर ठरवायला बसलात तर ज्याच्या वाट्याला मुरूम आला त्याला ते फसवणं वाटतं. महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलमध्ये वाटणीची नोंद होते. तोंडी वाटणीवर पुढची पिढी भांडते.

बहिणींच्या सहीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क आहे, आणि वडील तेव्हा हयात होते की नाही यावर तो अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये नक्की केलं. तरी हक्कसोडपत्रं, म्हणजे बहिणीनं आपला वाटा सोडल्याचे कागद, होतात. बहुतेक बहिणी माहेर तुटेल या धास्तीनं सही करतात. ही भीड आणि मिंधेपणा एकत्र आहे: "दिवाळीला साडी घेतो, लेकराचं बारसं केलं, आता कसं मागायचं?" भावांनी एक करावं: राखीपौर्णिमा आणि भाऊबीज या दिवसांत कागद पुढं करू नये, महिनाभर आधी मसुदा तिच्या घरी द्यावा आणि "सही नाही केलीस तरी तुझं माहेर हेच" हे वाक्य आपल्या बायकोसमोर बोलावं. बहिणीनं एक करावं: साडी-चोळी हा मायेचा व्यवहार आणि जमीन हा हक्काचा, ही दोन खाती वेगळी ठेवावीत. द्यायचंच असेल तर मोबदला ठरवून, वाचून, स्वतःच्या वकिलाला दाखवून द्यावं. नोंदणीकृत हक्कसोड नंतर मागं घेणं फार अवघड असतं.

कर्जाची लाज

लाज आणि खंत यांत जून टँगनी या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनानं जो फरक पक्का केला तो रोजच्या बोलण्यात वापरण्यासारखा आहे. "माझं चुकलं" ही खंत. ती माणसाला दुरुस्तीकडं नेते. "मीच नालायक" ही लाज. ती लपायला लावते. कर्जात हाच फरक पैशात मोजता येतो. बँकेची नोटीस चावडीवर कळेल या लाजेनं माणूस गुपचूप सावकाराकडं जातो. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन टक्के: 50,000 वर महिन्याला 1,500, वर्षाला 18,000. मुद्दल तसंच. वेळेत फेडलेल्या पीककर्जाला मिळणारी व्याजसवलत इकडं बुडते, आणि बायकोला पत्ता लागतो तो दोन वर्षांनी.

घरातल्या कुणाचं असं काही आहे असं वाटलं तर बोलायची रीत सांभाळा. जेवताना नको, लेकरांसमोर नको, पाहुण्यांसमोर तर नकोच. रानात काम करताना, शेजारी शेजारी बसून, नजर समोर असताना जास्त बोललं जातं. "कसं काय करून बसलास हे?" या प्रश्नानं तोंड कायमचं मिटतं. "किती आहे, कुणाकुणाचं आहे, आपण मांडू" असं म्हणा. कागदावर चार रकाने: कुणाचं, मुद्दल, व्याज, तारीख. सगळ्यात जास्त व्याजाचं वर. बँकेत मुदत थकायच्या आधी जाऊन पुनर्गठनाबद्दल, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून घेण्याबद्दल, विचारा. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यानं जमीन लिहून घेतली असेल तर 2014 च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं अर्ज करता येतो.

"माझ्यामागं तुमचं बरं होईल" असं कुणी बोललं तर विषय बदलू नका. जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट ओझं उतरतं. त्या माणसाला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात ठेवा आणि 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतं.

बचत गटातला दंड

हप्ता चुकला की दंड, हे सगळ्या गटांत आहे. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या दहापैकी सहा पाळणाघरांत उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. त्यावर अर्थशास्त्रज्ञ उरी नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी यांनी 2000 साली लिहिलं. दंडानंतर उशीर वाढला, जवळपास दुप्पट झाला. आधी पाळणाघरातल्या बाई ताटकळतात याचा पालकांना संकोच वाटत होता. दंडानं तो संकोच विकत घेता आला. दंड काढला तरी जुनी वेळ परत आली नाही. म्हणून गटात दहा रुपयांचा दंड लावण्याआधी गैरहजर बाईच्या घरी दोघींनी जाऊन यायचं, असं ठरवा. आणि थकलेल्या बाईचं नाव बैठकीत मोठ्यानं वाचू नका. लाजेनं ती दुसऱ्या गटातून किंवा खासगी फायनान्समधून उचलून हप्ता भरेल. वही स्वच्छ दिसेल आणि घर बुडेल.

माफी कशी मागावी

नांगरताना बांध कोरला, रागात भावजयीला बोललो, उसने घेतलेले कबूल केले नाहीत. खंत आहे, पण जायचं कसं? माफीत चार गोष्टी लागतात: काय केलं ते नेमकं, त्यानं समोरच्याचं काय झालं, भरपाई काय आणि कोणत्या तारखेपर्यंत. "आबा, मागच्या मृगात मी बांध दोन फूट तुमच्याकडं सरकवला. तुमची पिकाची एक ओळ गेली, आन् चारचौघात तुम्हालाच खोटं पाडलं. पंधरा तारखेच्या आत मोजणीचा अर्ज मी भरतो, फी माझी. निघेल ती हद्द मला कबूल." यात "पण तुम्हीबी..." आलं की माफी संपली. अपमान पारावर केला असेल तर माफीही पारावर. घरात केला असेल तर घरात. मधल्या माणसाकरवी निरोप नको, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नको, आणि दुसऱ्याच्या लग्नात गर्दीत हात जोडून तर नकोच, कारण तिथं समोरच्याला भिडेनं हो म्हणावं लागतं.

आबा काही बोलले नाहीत, चहाही विचारला नाही, तरी मोजणीचा अर्ज ठरल्या तारखेला भरायचा. पावती नेऊन दाखवायची आणि बसा म्हणायची वाट न पाहता परत यायचं. मोजणीच्या दिवशी खुणा रोवायला मात्र स्वतः हजर राहायचं, पहार आपल्या हातात घेऊन.